तानीच्या नावापुढचा वेळ

"हात लावायचा न्हाय," मास्तर म्हणाले. "तिथनंच सांगायचं. खालनंच."

तानी शाळेच्या अंगणात उभी होती. नऊ-दहा वर्षांची असेल. ओटा तिच्या छातीला लागत होता. ओट्यावर एक सागवानी चौकट आणि चौकटीबाहेर लाकडाचे पाच तुकडे. ते पाच तुकडे त्या चौकटीत बरोबर बसवायचे, एवढीच परीक्षा. सकाळपासून गावातली पोरं ओट्यावर मांडी घालून, दोन्ही हातांनी उलटंपालटं करून ते बसवत होती. तानीनं आपले हात पाठीमागं घेतले होते. तसं तिला कुणी सांगितलं नव्हतं. ते आपोआप गेले.

माझ्या एका हातात बटणाचं घड्याळ होतं. दुसऱ्या हातात मास्तरांची छडी.

लिंबाखाली खुर्ची टाकून साहेब बसले होते. साहेब म्हणजे आमच्या विद्यापीठातले मानसशास्त्राचे प्राध्यापक. मराठीच बोलणारे, विलायतेला जाऊन आलेले. मास्तरांनी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं, "साहेब, वस्तीतल्या पोरांनी ह्या फळ्या हाताळल्या तर उद्या गावातलं पोरगं परीक्षेला येणार न्हाय." साहेबांनी वाद घातला नाही. त्यांनी तोड काढली. पोरानं खालून सांगायचं आणि मी वर तुकडे ठेवायचे.

"पण हातानं नको," ते मला म्हणाले. "हातानं ठेवशील तर तुझा हात आपोआप योग्य जागी जाईल. ते शास्त्रात बसत नाही. छडीनं सरकव."

म्हणून छडी.

मी बटण दाबलं. तानी काही बोलेना. नुसती बघत होती. एकदा चौकटीकडं, एकदा तुकड्यांकडं. मला वाटलं, घाबरली. मग ती एका दमात बोलली.

"त्यो लांबडा वरच्या अंगाला लावा. त्येच्या खाली ते दोन बारके, शेजारीशेजारी. त्यो तिरपा हाय न्हवं, त्येला पालथा करा. मंग ऱ्हायल्याला त्येच्या कुशीत बसतोय."

आणि गप्प. झालं होतं तिचं.

मी अजून पहिला तुकडा ढकलत होतो. ओट्याची फरशी खडबडीत. छडीचं टोक घसरत होतं. लांबडा तुकडा वर गेला की बारका बाजूला सरकायचा. तिरपा तुकडा छडीनं पालथा करणं हे तर भलतंच काम. एका कडेखाली टोक घालायचं, उचलायचं, तो पुन्हा त्याच अंगावर पडायचा. पुन्हा उचलायचं. घड्याळ टिकटिक करत होतं. माझ्या मानेवरून घाम वाहत होता. पाठीमागं पोरं खिदळत होती.

तानी म्हणाली, "दादा, तुमचा हात लई हळू चालतोय."

"गप गं!" मास्तर ओरडले. "साहेबांपुढं तोंड वर करून बोलतीस?"

शेवटी पाचवा तुकडा बसला एकदाचा. मी बटण दाबलं. साहेबांकडं बघितलं आणि म्हणालो, "साहेब, हिचं उत्तर मघाशीच..."

"घड्याळ थांबलं तो वेळ लिही," साहेब म्हणाले. "आपण अंदाज लिहीत नसतो."

मी लिहिला.

हे लिहायला मला वीस वर्षं लागली. हे पाहिलेला मी एकटाच आहे असंही नाही. अख्खं गाव बघत होतं. पण काय झालं हे कळणारा त्या अंगणात मीच होतो. मला कळलं होतं आणि मी लिहिलं.

आता मागचं सांगतो.

राज्य निजामाचं होतं. शिक्षण उर्दूतून. मोठ्या शहरातलं ते विद्यापीठ, त्याचं नाव लिहीत नाही. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला मी मानसशास्त्र घेतलं होतं. तिथं त्याला नफ्सियात म्हणायचे आणि विभागाला शोबा. एका सकाळी शोब्याच्या दाराला कागद लागला. संशोधनाच्या कामासाठी एक विद्यार्थी मदतनीस पाहिजे. नळदुर्ग, तुळजापूर, उमरग्याच्या बाजूच्या गावांत फिरून पोरांच्या बुद्धीची मोजणी करायची आहे. ज्याचं काम पसंत पडेल त्याचं नाव अहवालावर येईल आणि पुढं एम.ए.ला साहेब स्वतः हाताखाली घेतील.

एक जागा. अर्ज करणारे बरेच. कुणाचा बाप वकील, कुणाचा चुलता तहसीलदार. मी धाराशिवकडच्या एका खेड्यातला महार. पण ते तिथं कुणाला ठाऊक नव्हतं. असं मी समजत होतो. पहिल्या शाळेत एका भल्या मास्तरांनी माझ्या नावापुढं गावाचं नाव लावून दिलं होतं. त्या आडनावाच्या आडोशाला मी वसतिगृहात राहत होतो. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. बोलणं कमी ठेवायची सवय मला तिथंच लागली. लोक म्हणायचे, पोरगा गंभीर आहे. गंभीर कसला. भ्यायलेला होतो.

साहेबांनी मला खोलीत बोलावलं.

"खेड्यात राहिला आहेस?"

"हो साहेब."

"तिथली बोली येते? अगदी खालच्या लोकांची?"

"येते."

त्यांनी ती चौकट पुढं सरकवली. "हात बसू दे. करून बघ." बटण दाबलं. मी पाची तुकडे बसवले. त्यांनी घड्याळ बघितलं, मान हलवली, कागदावर काहीतरी टिपलं आणि हसून म्हणाले, "छान. तूच."

ते काय टिपलं, ते मला पुढं कळलं.

आनंद झाला मला. खोटं कशाला सांगू? माझ्या बापानं जन्मभर सरकारी दप्तर डोक्यावर वाहिलं. गावातून तहसिलीत, तहसिलीतून गावात. आत काय लिहिलंय हे त्याला कधी वाचता आलं नाही. आणि मी लिहिणारा होणार होतो. आमच्याबद्दल जे सरकारदरबारी लिहिलं जातं, ते माझ्या हातानं लिहिलं जाणार होतं. केवढी मोठी गोष्ट, असं मला वाटलं.

अणदूरच्या पुढं, हमरस्ता सोडून आत, ते तानीचं गाव. साहेब मोटारीनं पुढं गेले. मोटारीत सामानाला जागा नव्हती, म्हणून पेटीबरोबर मी हमरस्त्यापासून चालत. पेटी न्यायला गावानं वेसकर, म्हणजे पाळीवरचा महार, पाठवला होता. भिवा त्याचं नाव. तानीचा बाप. माझ्या बापाच्याच वयाचा. त्यानं चुंबळ केली, पेटी डोक्यावर घेतली आणि चालायला लागला. मी मागं मोकळ्या हातानं. मी म्हणालो नाही, आणा मी घेतो.

तीच पेटी. डोक्यावर चालत होती. आतल्या लाकडाला मात्र त्याच्या पोरीचा हात चालणार नव्हता.

थोडं चालल्यावर भिवानं विचारलं, "तुमी कुण्या गावचं?"

मी गावाचं नाव सांगितलं.

तो थबकला नाही. पाच-पंचवीस पावलं गेल्यावर म्हणाला, "तिथं आमचं सोयरं हायत. त्येंचं एक पोरगं शिकाय गेलंय म्हनं, लांब, शेराला."

त्यानं मान वळवून माझ्याकडं बघितलं. पेटीच्या भारानं मान जेवढी वळत होती तेवढीच. माझ्या तोंडाकडं बघितलं, पायातल्या बुटाकडं बघितलं. मग हळू आवाजात म्हणाला, "चांगलं केलंस बाळा. शिक."

मग त्यानं विचारलं, "ह्या परीक्षेनं व्हतंय काय?"

मला ठाऊक होतं तेवढं मी खरं सांगितलं. साहेब सरकारला कळवणार. वस्तीतल्या पोरांची अक्कल बरी दिसली तर वस्तीला वेगळा मास्तर मिळेल, शाळा मिळेल. ओट्याखाली उभं राहून शिकावं लागणार नाही.

"आन न्हाय दिसली तर?"

"तर सुतळी वळायला शिकवतील."

भिवा हसला. डोक्यावरची पेटी हलली. "आरं, ती तर आमाला येतीयाच की!"

मीही हसलो. त्या वाटेवर आम्ही दोघं मोकळे हसलो. माझ्या जातीच्या माणसाबरोबर मोकळा हसलो असं कित्येक महिन्यांनी झालं होतं.

"पोरगी हाय माझी, तानी," तो म्हणाला. "लई तल्लक हाय. बांध घालाय येती माज्यासंगं. दगूड उचलायच्या आधी लांबनंच सांगती, ह्यो हितं बसंल, ह्यो न्हाय बसनार. उगं उचलून ठेवून बघत न्हाय. जड असतोय न्हवं दगूड."

वेशीपाशी मास्तर उभे होते. त्यांना बघताच भिवाचा आवाज बदलला. पेटी खाली ठेवून तो दूर सरला आणि मोठ्यानं म्हणाला, "येतू मालक."

मला मालक म्हणाला. सगळ्यांना ऐकू जाईल असं. त्यानं मला झाकलं. मी गुपचूप झाकून घेतलं.

दुपारी साहेब पाटलाकडं जेवायला गेले. मी मास्तरांच्या ओसरीवर बसलो. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, आमटी. मास्तर वाढता वाढता म्हणाले, "आडनाव नीट ऐकू आलं न्हाय."

मी सांगितलं.

"तिथल्या देशमुखांपैकी?"

मी मोठा घास तोंडात घातला. तोंड भरलेलं असलं की उत्तर द्यावं लागत नाही. मास्तरांनी आपल्या मनानं काय ते समजून घेतलं आणि आणखी आमटी वाढली. अंगणाच्या टोकाला, उन्हात, वस्तीतली पोरं आपली पाळी यायची वाट बघत बसली होती. मी पोटभर जेवलो. तांब्यातलं पाणी वरून प्यालो. तो घास, ते पाणी, तो ढेकर. आज लिहिताना मला स्वतःच्या तोंडाची शिसारी येते.

त्यानंतर तानीची पाळी आली. ते वर सांगितलंय. तानीच्या नंतरही वस्तीतली सगळी पोरं तशीच गेली. खाली उभं राहून सांगायचं, वर माझी छडी अडखळायची, वेळ पोराच्या नावावर पडायचा. काही पोरांना खरंच जमलं नाही, काहींना झटकन जमलं. कागदावर सगळी सारखीच हळू. ठराविक वेळेच्या वर गेलं की शेरा ठरलेला होता. उर्दूत तो असा लिहायचा, कुंदजेहन. म्हणजे मंद. माझं उर्दू अक्षर चांगलं होतं. साहेब कौतुक करायचे.

गावातली पोरं एक तुकडा दहादा लावून बघत होती. जमलं की टाळ्या. तानीनं एकदाही लावून बघितलं नव्हतं. तिनं बांधाच्या दगडासारखं लांबून ठरवलं होतं. तिच्यापुढं लिहिलं, कुंदजेहन. संध्याकाळी पेटी पुन्हा भिवाच्या डोक्यावर. हमरस्त्यापर्यंत त्यानं एकदाच विचारलं, "आमच्या तानीचं कसं झालं?"

मी म्हणालो, "बरं झालं."

शहरात परत आल्यावर महिनाभर मी ते कागद एकत्र करत होतो. जातवार रकाने. सगळ्यात तळाला आमचा रकाना. माझ्याच अक्षरात. गावोगावच्या शाळांना पाठवायच्या नकलाही मीच उतरवल्या. मधल्या काळात साहेबांकडं जाऊन मी एकदा तरी सांगू शकलो असतो की हे वेळ पोरांचे नाहीत, माझ्या हाताचे आहेत. दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेलो. दोन्ही वेळा दाराशी बूट पुसून परत आलो. अहवालावर माझं नाव यायचं होतं. एम.ए. व्हायचं होतं. एवढंच त्याचं कारण. दुसरं काही नाही.

मग ती सभा. विभागाच्या मोठ्या खोलीत शिक्षणखात्याचे दोन अधिकारी, दुसरे प्राध्यापक, आम्ही विद्यार्थी. टेबलावर चौकट, पाच तुकडे, घड्याळ आणि ती छडीसुद्धा. साहेबांनी मास्तरांकडून मागून आणली होती, पद्धत दाखवायला. त्यांनी मला उभं केलं आणि कोष्टक वाचायला सांगितलं.

मी वाचत गेलो. खणखणीत आवाजात. आमच्या रकान्यापर्यंत आलो. तानी, बापाचं नाव भिवा, वेळ, शेरा. तेही वाचलं. आवाज हलला नाही माझा. हे मुद्दाम लिहितोय.

शेवटची ओळ माझ्या अक्षरात नव्हती. साहेबांनी मागाहून घातली होती. तिच्यात माझं नाव होतं. नावापुढं जात. पुढं वय. पुढं वेळ, पहिल्या दिवशी त्यांच्या खोलीत त्यांनी टिपलेला. शेरा, अपवाद.

मी थांबलो.

"वाच, वाच," साहेब हसत म्हणाले. "संकोच कसला? तूच तर आमचा अपवाद." मग पाहुण्यांकडं वळून, "हा मुलगा त्यांच्यातलाच बरं का. अर्जाला जोडलेला शाळेचा दाखला बघूनच मी याला घेतला. आणि याचा वेळ बघा! असा एखादा निघतो. बाकीच्यांना शाळेत कोंडणं हा त्या बिचाऱ्यांवरच जुलूम आहे. त्यांच्या हाताला झेपेल असं काम द्यावं."

पाहुण्यांनी माझ्याकडं बघितलं. जत्रेत दोन डोक्यांचं वासरू बघतात तसं. माझ्या शेजारच्या खुर्चीवर माझ्या खोलीतला सोबती बसला होता. वर्षभर आमचा एक कंदील, एक सुरई. त्यानं खुर्ची थोडी पलीकडं ओढली. फरशीवर खुर्चीच्या पायाचा आवाज झाला. कर्रर्र. एवढासा.

तो आवाज ऐकला आणि माझं डोकं फिरलं.

मी कागद खाली ठेवला. छडी उचलली. तुकडे चौकटीबाहेर ओतले. घड्याळ त्या अधिकाऱ्यांपैकी जे वयस्क होते त्यांच्या हातात दिलं.

"साहेब," मी म्हणालो, "हात पाठीमागं घ्या."

"काय?"

"हात पाठीमागं घ्या आणि मला सांगा. मी छडीनं सरकवतो. त्या पोरांनी केलं तसं."

साहेबांचं तोंड लाल झालं. पण त्या वयस्क अधिकाऱ्यांना गंमत वाटली. "होऊन जाऊ द्या की जनाब," ते म्हणाले आणि त्यांनी बटण दाबलंच.

साहेबांना त्या कोड्याचं उत्तर पाठ होतं. कित्येक वर्षं ते लोकांकडून सोडवून घेत होते. तरीही.

"तो लांब तुकडा वर. वर म्हणजे... तुझ्याकडचं वर नाही, माझ्याकडचं. अरे, तो नाही, शेजारचा. सरकव ना नीट. नीट धर ती छडी!"

"धरलीय साहेब."

"आता तो तिरपा उलटा कर. उलटा! असा नाही."

तुकडा उलटा होईना. टेबलावरून खाली पडला. मी वाकून तो छडीनंच जवळ ओढला. साहेबांनी रागानं हात पुढं केला.

"हात नाही," मी म्हणालो.

खोलीत कुणी हसेना. घड्याळाचा आवाज ऐकू येत होता. शेवटी पाचवा तुकडा बसला. अधिकाऱ्यांनी वेळ वाचला आणि वाचून त्यांचं त्यांनाच ओशाळल्यासारखं झालं. तानीपेक्षा जास्त.

मी टाक घेतला. माझ्या नावाखाली आणखी एक ओळ आखली. साहेबांचं पूर्ण नाव लिहिलं. जात लिहिली. वेळ लिहिला. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, कुंदजेहन. अक्षर चांगलं आलं.

साहेब सावरले होते. कागदाकडं बघितलंही नाही त्यांनी. रुमालानं मनगट पुसत म्हणाले, "अहवाल परवाच रवाना झाला. हा कागद माझ्या फायलीतला आहे. आता तू जा."

मी गेलो. मदतनीसाची जागा गेली, वसतिगृह गेलं, एम.ए. गेलं. बी.ए. मी पुढं दुसरीकडून, बाहेरून केलं.

ही गोष्ट आमच्या लोकांत पसरली. निजामाचं राज्य गेल्यावर तर सभेत सांगायला लागले. मला व्यासपीठावर बसवायचे, हार घालायचे. ह्या पोरानं भर दरबारात प्राध्यापकाला हात पाठीमागं बांधायला लावले, असं सांगायचे. टाळ्या पडायच्या. मी मान खाली घालून बसायचो. लोकांना तो विनय वाटायचा.

आज सांगतो. मी तानीसाठी उठलो नाही. तानीचा वेळ मी खणखणीत वाचला होता. तिच्यासारख्या सगळ्या पोरांचा वाचला होता. मी उठलो माझ्या ओळीसाठी. माझं गुपित फुटलं म्हणून. शेजारची खुर्ची हलली म्हणून. ती शेवटची ओळ तिथं नसती तर मी कोष्टक संपवून, मान लववून जागेवर बसलो असतो आणि आज कुठंतरी त्याच विषयाचा प्राध्यापक असतो. माझं बंड एका खुर्चीएवढं होतं. आणि त्या बंडाचे हार मी अनेक वर्षं गळ्यात घातले. कचेरीत मात्र अजूनही गावाच्या आडनावाआड बसतो. कुणी विचारत नाही, मी सांगत नाही. सभेत एक तोंड, कचेरीत दुसरं.

वस्तीला शाळा आली नाही. सुतळी वळायचं पत्र्याचं छप्पर आलं.

मी आता शाळा तपासणारा अधिकारी आहे. गेल्या महिन्यापर्यंत त्या गावाची तपासणी मी काही ना काही करून दुसऱ्याच्या वाटणीला टाकत आलो. ह्या वेळी टळली नाही. एस.टी.नं गेलो. तोच ओटा, लिंब तोडलेला. वर्गात बघितलं तर मागच्या ओळीतली सगळी पोरं वस्तीतली. भिंतीला टेकून. मी नव्या मुख्याध्यापकांना विचारलं. तरुण माणूस. तो अगदी साधेपणानं म्हणाला, "ती हळू शिकणारी आहेत साहेब. वस्तीतली. जुनी सरकारी नोंद आहे तशी."

"कुठाय नोंद?"

त्यानं कपाटातून काढून दिली. पिवळा पडलेला उर्दू कागद. त्याला उर्दू येत नव्हतं. त्याच्या आधीच्यालाही येत नव्हतं. त्यात काय आहे ते प्रत्येक जाणारा येणाऱ्याला तोंडी सांगून गेला होता. वाचता येणारा मीच पहिला आलो. अक्षर माझंच होतं.

तानी, बापाचं नाव भिवा.

मी कागद परत दिला. काही बोललो नाही. ह्या वेळीसुद्धा. शेरेबुकात लिहिलं, शाळा स्वच्छ आहे.

बाहेर आलो तर फाटकाशी एक म्हातारा काठी टेकून उभा. पाठीत वाकलेला. मी ओळखलं. त्यानं तर कधीच ओळखलं होतं. मागं मुख्याध्यापक येताना त्याला दिसले. तो मोठ्यानं म्हणाला, "रामराम मालक."

वीस वर्षांनंतर. अजून मला झाकतच होता.

"तानीची पोर हितंच शिकती, माज्याकडं," तो म्हणाला. "तेवढी म्होरं बसवा मालक. तिला मागनं दिसत न्हाय, असं न्हाय. पर म्होरं बसवा."

"व्हय," मी म्हणालो आणि एस.टी. पकडली.

त्या दिवसापासून अन्न गोड लागत नाही. पण पश्चात्तापाची गोष्ट मी सांगत नाही. पश्चात्ताप मी पुष्कळ केला, त्यानं मागची ओळ पुढं सरकत नाही.

सोमवारी मी त्या गावाला जाणार आहे. मुख्याध्यापकांना कळवलंय, गावातले पंच आणि वस्तीतली माणसं ओट्यावर बोलवा. ओट्याखाली नाही, ओट्यावर. तिथं तो कागद मी मोठ्यानं वाचणार. मराठीत. मग माझं नाव सांगणार, माझी जात सांगणार, त्या दुपारी मास्तरांच्या ओसरीवर कसा जेवलो ते सांगणार. छडी कुणाच्या हातात होती ते सांगणार. शेरेबुकात लाल शाईनं लिहिणार की ह्या नोंदीतला प्रत्येक वेळ मोजणाऱ्याच्या हाताचा आहे, पोरांचा नाही, आणि तो मोजणारा मी आहे. खाली सही. त्या सहीत गावाचं आडनाव नसेल. बापाचं नाव असेल.

मागची ओळ त्याच दिवशी मोडणार. माझ्यासमोर. वर तक्रार जाईल, जाऊ दे. मी चौकशीला हजर राहीन आणि तिथंही हेच सांगेन. इथून पुढं कुणी त्या दरबाराची गोष्ट सांगून हार घालायला आला तर त्याला आधी तानीची गोष्ट ऐकावी लागेल.

भिवा मला काय म्हणेल, मालक की बाळा, ते मी त्याला विचारणार नाही. तो मान माझा उरलेला नाही. मी फक्त त्याच्या नातीला हाताला धरून पहिल्या ओळीत बसवीन. हातानं. मग शाळेतली छडी मागवीन आणि सगळ्या गावादेखत मोडीन.